गोणी टाकल्यानंतरची तीन मिनिटं : छातीच्या पट्ट्याच्या प्रकल्प नोंदी

१ मार्च २०२५, कोपरखैरणे

फेब्रुवारी संपायच्या आत मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा येऊन गेला. पारा ३८ च्या पुढे, आणि होळी अजून पेटायची आहे. ‘एप्रिलात बघू’ म्हणून बाजूला ठेवलेलं काम आजच हातात घेतलं.

काम असं. तुर्भ्याला एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहणाऱ्या माथाडी कामगाराच्या अंगावर दिवसभर राहील असा बिनतारी सेन्सर करायचा. उष्म्याचा ताण शरीराला झेपेनासा झाला की त्यानं कामगाराला वेळेत सांगायचं. टीम म्हणजे मी (सर्किट), धाकटा भाऊ (कोड, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, त्याचा कॉलेजचा प्रोजेक्टही यातच उरकेल) आणि आमचे अण्णा. अण्णांची उभी हयात त्या मार्केटात गेली. टोळीत शिरायचं तर त्यांच्याशिवाय आम्हाला कुणी उभं करणार नाही.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उष्माघातानं माणसं गेली. ती माणसं नुसती बसलेली होती. इथं पाठीवर पन्नास किलो असतात.

मोजायचं काय, हे आधी ठरवून टाकलं. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० च्या पुढे जातं, पण आतलं तापमान बाहेरून नीट मोजता येत नाही. हृदयाचे ठोके मात्र मोजता येतात. उकाड्यात रक्त कातडीकडे वळतं, घामानं रक्तातलं पाणी कमी होतं, एका ठोक्यात ढकललं जाणारं रक्त घटतं, मग तेवढाच पुरवठा राखायला हृदय जास्त वेळा ठोके देतं. कामगारांसाठी वापरला जाणारा ढोबळ नियम असा आहे: १८० वजा वय, त्यापेक्षा जास्त ठोके सलग काही मिनिटं राहिले तर काम थांबवा. ४४ वर्षांच्या माणसाला १३६.

८ मार्च

लॅमिंग्टन रोडला जाऊन सामान आणलं. पहिला प्रयोग मनगटावर, कारण मनगटी घड्याळ घालायला कुणी का कू करत नाही. मॅक्स३०१०२ हा सेन्सर: लाल प्रकाश ६६० नॅनोमीटर, अवरक्त ८८० नॅनोमीटर, कातडीतून परत येणारा उजेड मोजायचा. ठोका पडला की रक्त भरतं, उजेड थोडा कमी परततो. एवढंच तत्त्व.

घरात सोफ्यावर बसून सगळं झकास. पडद्यावर अशी सुबक लाट की भावानं लगेच फोटो काढून घेतला, अहवालाच्या पहिल्या पानासाठी.

रक्तातला ऑक्सिजन मोजण्यावर मी आजच काट मारली. मैदानी कामात उष्म्यानं ऑक्सिजन फारसा उतरत नाही, म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. शिवाय २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात काळ्या कातडीच्या रुग्णांत ऑक्सिमीटर ऑक्सिजन उतरल्याचं लपवतात असं दिसलं होतं. आमची टोळी काही गोऱ्यांची नाही. स्वस्त भाग घालून खोटा दिलासा देणारा आकडा दाखवण्यापेक्षा तो आकडाच नको.

१५ मार्च

मार्केट. पहाटे अण्णांसोबत गेले. नाशिककडच्या गाड्या लागलेल्या. तात्या (मुकादम, मूळ साताऱ्याकडचे, अण्णांचे जुने जोडीदार) म्हणाले, “लेक आलीय व्हय? बघ बाय काय बघायचं त्ये, पर गाडी थांबायची न्हाय.”

टोळीतले ४४ वर्षांचे एक काका तयार झाले. घड्याळ बांधलं, गाडीवरून गोणी पाठीवर, गल्ली ओलांडून गाळ्यात, थप्पीवर टाकून परत. मी मोबाइलवर आकडा बघत बाजूला उभी. ११६. ११७. ११६. ११६. गोणी पाठीवर असताना ११६, मोकळ्या हातानं परत येताना ११५. दहा-बारा फेऱ्यांनंतरही तेच. माणूस घामानं निथळतोय, तोंडानं श्वास घेतोय, आणि आकडा जागचा हलत नाही.

मग त्यांच्या पावलांकडे लक्ष गेलं. ओझ्याखाली माणूस लांब ढांगा टाकत नाही. आखूड, झपझप, एका लयीत चालतो. अर्ध्या मिनिटात अठ्ठावन्न पावलं. मिनिटाला ११६.

“काका, जरा थांबा,” म्हटलं. दुसऱ्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावलं. तीस सेकंदांत ७१. म्हणजे १४२. त्यांची मर्यादा १३६. घड्याळ हृदय मोजतच नव्हतं, पावलं मोजत होतं, आणि नेमकं ज्या क्षणी ओरडायला हवं होतं त्या क्षणी समाधानानं ११६ दाखवत होतं.

१८ मार्च

हा प्रकार नवा नाही, पळणाऱ्यांच्या घड्याळांतही होतो. आमच्याकडे तो जास्त चिवट का, हे दोन रात्री आलेख बघून उलगडलं.

एक तर पावलांची लय आणि ठोक्यांची लय एकाच पट्ट्यात येते, सेकंदाला दीड ते अडीच. भावानं प्रवेगमापकाचा (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल घेऊन पावलांची लय वजा करून पाहिली. ठोके आणि पावलं वेगळी असतात तोवर ते चालतं. पण ठोके चढता-चढता पावलांच्या लयीतून जातात तेव्हा वजाबाकीत दोन्ही जातात.

दुसरं हाताचं. गोणी तोलायला हात डोक्यामागे वर जातो. हृदयापेक्षा हात जितका वर, तितका त्यातल्या रक्ताचा दाब कमी. सेंटिमीटरला साधारण पाऊण मिलिमीटर पारा. तीस सेंटिमीटर वर म्हणजे तेवीसच्या आसपास मिलिमीटर गेले. त्यात मूठ आवळलेली, मनगटाच्या शिरा ताठ. उजेडाची लाट चौथ्या हिश्शावर येते, आणि हलण्याचा गोंधळ मात्र तेवढाच राहतो.

हिरवा प्रकाश लावून बघू असं भावाचं म्हणणं. हलण्याचा त्रास त्यात थोडा कमी, हे खरं. पण मेलॅनिन, म्हणजे कातडीतलं काळं रंगद्रव्य, हिरवा प्रकाश जास्त शोषतं, आणि हाताची उंची हिरव्यालाही चुकत नाही. मनगट बंद. छातीवर जायचं, विजेच्या संकेतावर. हृदयाचा विद्युत संकेत हात कुठेही असला तरी तिथेच असतो.

३० मार्च

गुढीपाडवा, त्यात रविवार, मार्केट बंद. पट्टा शिवला. सेक्टरातल्या शिंप्यानं इलॅस्टिकवर चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉन कापडाचे दोन तुकडे शिवून दिले, “हे कशाला लागतं?” विचारत. त्याला टिचबटणं, टिचबटणांना सर्किट. एडी८२३२ हा भाग हृदयाचा संकेत मोठा करतो आणि त्याला जेमतेम १७० मायक्रोअँपिअर लागतात. मेंदू म्हणून एनआरएफ५२८३२, ब्लूटूथ त्याच्यातच.

श्रीखंड खाऊन भावानं पट्टा घातला. कोरड्या अंगावर काहीच दिसेना. कापड पाण्यानं ओलं केलं, लगेच आलं. अशा इलेक्ट्रोडना ओल लागतेच. पहिल्या गोणीनंतर ओलीची चिंता मिटेल.

५ एप्रिल

पट्टा मार्केटात. पळायला जाणारी एक ठाण्याची मैत्रीण आहे, तलावपाळीपासून उपवनपर्यंत रोज पळते. तिचा पोलार एच१० पट्टा तुलनेला मागून आणला. फिनलंडच्या या कंपनीनं १९८२ मध्ये अंगावर घालायचा बिनतारी हृदयमापक बाजारात आणला, आणि छातीचा पट्टा म्हटलं की अजून तुलना त्याच्याशीच होते. दोन्ही पट्टे एकाच छातीवर, एक वर एक खाली.

चालताना दोघांचे आकडे जुळले. पावलांचा घोळ संपला. गोणी उचलताना मात्र आमचा आलेख केसाळ होतो. छातीचे आणि खांद्याचे स्नायू ताणले की त्यांचीही वीज असते, ती हृदयाच्या रेघेवर बसते. इथं जुनाच उपाय कामाला आला. पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली पद्धत: साधारण ५ ते १५ हर्ट्झच्या बाहेरचं सगळं गाळा, रेघ किती वेगानं चढते-उतरते ते मोजा, त्याचा वर्ग करा, मग वेळेच्या छोट्या खिडकीत बेरीज. हृदयाचा टोकदार ठोका वर उरतो, स्नायूंची खरखर दबते. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि आजच्या नखाएवढ्या चिपला ती चहा ढवळण्याइतकी सोपी जाते.

तरीही गोणी पाठीवर बसण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत ठोके सुटतात. सुटू देत.

१२ एप्रिल

रेडिओ. इथं बराच वेळ गेला आणि हाती कमी लागलं.

फोन गाळ्यातल्या गादीवर, पट्टा कामगाराच्या छातीवर, मध्ये कांद्याच्या गोण्यांची थप्पी. थप्पीच्या पलीकडे गेलं की संपर्क तुटतो. सिग्नल उणे साठाच्या घरातून उणे नव्वदच्या खाली, आणि चिपची ऐकण्याची हद्द उणे ९६ (डीबीएम, सिग्नलच्या ताकदीचं माप). कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, बटाट्यात ऐंशीच्या. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर, घरातला मायक्रोवेव्ह जवळपास तिथेच चालतो, आणि तो पाणीच तापवतो. म्हणजे थप्पी ही पाण्याची भिंत. माणसाचं शरीरही तसंच: पट्टा छातीवर, फोन पाठीमागे, की मध्ये माणूसच आड येतो.

आमचं गणित होतं की हृदयाची रेघ सलग पाठवायची. सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे ५०० बाइट. पट्ट्यातच साठवायचं म्हटलं तर चिपची ५१२ किलोबाइटची जागा पंधरा-सतरा मिनिटांत भरते, तीही त्यात कोड नाही असं धरून. भावाचा उपाय: गाळ्यागाळ्यात एकेक रिसीव्हर. म्हणजे गाळ्यागाळ्यात प्लग, आणि प्लगागणिक एक शेठ. मला ते पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही. आज अनिर्णित.

१९ एप्रिल

आज कोंडी फुटली. श्रेय अण्णांचं.

ते आलेख बघायला सहसा येत नाहीत. आज आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, गोण्या वाहतानाच्या त्या केसाळ भागावर बोट ठेवून म्हणाले, “हे काय बघता? ओझ्याखाली दम सगळ्यांनाच लागतो. आम्ही टोळीत नवा गडी बघायचो तो गाडी खाली झाल्यावर. चहाचा कप हातात येईपर्यंत ज्याचा दम बसला तो टिकला. कप संपला तरी धापा टाकतोय त्याला दुपारच्या गाडीला घ्यायचा नाही.”

मी रात्री बसून वाचलं तर हे अगदी पुस्तकातलं निघालं. ब्रूहा नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं कारखान्यांतल्या कामगारांसाठी हीच पद्धत मांडली होती, आणि कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या उष्म्यावरच्या मार्गदर्शिकेत ती अजून आहे. काम थांबवून बसायचं. पहिल्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्या भागातले ठोके, मग तिसऱ्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्या भागातले. तिसऱ्या मिनिटाला ९० च्या खाली आले तर ठीक. नव्वदच्या वरच आहेत आणि पहिल्या-तिसऱ्यातला फरकही दहापेक्षा कमी, तर शरीर सावरत नाहीये, काम आणि उष्मा मिळून जास्त होतंय.

आणि बसलेल्या माणसात आमच्या सगळ्या अडचणी गळून पडतात. पावलं नाहीत. स्नायू ढिले. कापड घामानं छान ओलं. रेघ स्वच्छ. रेडिओचंही तेच: सलग रेघ पाठवायचीच नाही. एका विश्रांतीला ठोक्यांचे तीन आकडे, वेळ आणि सेलची स्थिती. आठ बाइट. ब्लूटूथच्या एका जाहिरात-पाकिटात (आसपासच्या कुणालाही ऐकू जाईल असा छोटा संदेश) ३१ बाइट मावतात, जोडणीसुद्धा करावी लागत नाही. सेकंदाला ५०० बाइट कुठे आणि गाडीमागे आठ कुठे.

‘सतत देखरेख’ हे शब्द भावाच्या प्रोजेक्टच्या मथळ्यात आहेत. राहू देत. मोजणं सततच चालू राहील, १८० वजा वयाचा नियमही मागे जागा राहील. पण निर्णय तीन मिनिटांवर.

विश्रांती सुरू झाली हे ओळखायला प्रवेगमापक पुरतो, एलआयएस३डीएच, कमी ताकदीच्या अवस्थेत दोन मायक्रोअँपिअर. अंग वीस सेकंद हललं नाही की मागे जाऊन शेवटच्या पावलापासून घड्याळ धरायचं. गोणी टाकून मोकळं परत येणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यामुळे फेऱ्यांच्या मध्ये हे सुरूच होत नाही.

२३ एप्रिल

पहिले आकडे. तेच काका. सकाळच्या गाडीनंतर पहिल्या मिनिटाला १०४, तिसऱ्याला ८४. दुपारी साडेबाराच्या गाडीनंतर ११८ आणि १०९. नव्वदच्या बरेच वर, फरक नऊ. गोण्या दोन्ही गाड्यांत सारख्याच होत्या. त्यांना विचारलं, कसं वाटतंय? “कुठं काय, नेहमीचंच.” डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून बसवलं, पंख्याखाली, पाणी आणि मीठ-साखर. पंधरा मिनिटांनी ८६.

२६ एप्रिल

टोळीची बैठक, तात्यांच्या शब्दाखातर. पट्टे अजून पाच करून देते म्हटलं. मला वाटलं होतं प्रश्न येतील ते टोचतं का, शॉक बसतो का, असे. पहिला प्रश्न तात्यांचाच आला.

“ह्यो आकडा शेठकडं जानार का?”

म्हटलं, अजून ठरवलेलं नाही.

“मग आधी त्ये ठरीव. शेठकडं जानार आसंल तर ज्याचा आकडा वाईट त्यो गडी पट्टा घरी इसरून येनार. आन पट्ट्याची गरज त्यालाच.”

मागून एक जण म्हणाला, “उद्या म्हनतील ह्याचं वय झालं, ह्याला टोळीतनं काढा.” कुणी त्यावर हसलं नाही. माथाडी कामगारांच्या नोंदणीचा आणि हक्काच्या मजुरीचा कायदा १९६९ चा आहे, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. या पोरांच्या बापांनी तो मिळवला. आकडे बघून माणूस बाजूला करायचं नवं निमित्त आपण हातात द्यावं, असं त्यांना वाटत असेल तर ते रास्त आहे.

बैठकीतच ठरलं ते लिहिते. इशारा फक्त त्याच माणसाला, पट्ट्यातल्या थरथरणाऱ्या मोटरनं. गाळ्यात रिसीव्हर नाही. आठ बाइट पट्ट्यातच राहतील. कामगारानं स्वतः बटण दाबलं तरच दोन मिनिटं बाहेर ऐकू जातील. पट्ट्याचा ब्लूटूथ पत्ता दर पंधरा मिनिटांनी बदलता, म्हणजे कुणी फोन घेऊन गल्लीत माग काढू शकणार नाही. पट्ट्यावर नाव नाही, नंबर नाही. ज्याचा त्यानं रंगीत दोरा बांधावा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मागतो, पण मुकादमासमोर दिलेल्या होकाराला मी मोकळी संमती म्हणणार नाही, म्हणून प्रत्येकाला घरी जाऊन वेगळं विचारायचं. ते काम अण्णांचं.

भाऊ परतताना गप्प होता. कॉलेजच्या परीक्षकांना डॅशबोर्ड लागतो. त्याला म्हटलं, अण्णांना पट्टा लाव आणि कोपरखैरण्याच्या बागेत चालव, हवा तेवढा डॅशबोर्ड कर.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. फळ मार्केटात हापूसच्या पेट्यांनी पाय ठेवायला जागा नाही, टोळीतले काही जण तिकडे मदतीला. चाचणी नाही. सेलचा प्रश्न मात्र मिटवला. बटण-सेल (सीआर२०३२) मोटरला लागणारा झटका देऊ शकत नाही. चार्जिंगची बॅटरी घातली तर अण्णा विचारतात, मार्केटात चार्ज कोण करणार? उत्तर: पेन्सिल सेलचा धाकटा भाऊ, एएए, दोन. कुठल्याही टपरीवर मिळतात. दोन मिळून तीन व्होल्ट, हृदयाचा संकेत मोठा करणारा भाग, चिप आणि प्रवेगमापक तिन्ही त्यावर थेट चालतात, मध्ये काही लागत नाही.

कातडीच्या तापमानाचा सेन्सर यात बसत नाही, त्याला २.७ व्होल्टच्या खाली चालत नाही आणि सेल उतरत जातात. गेला तर गेला. ओल्या बनियनखालचं तापमान घाम किती वाळतोय ते सांगतं, आतला ताप सांगत नाही.

३ मे

डॉक्टरांकडे गेले. सेक्टरातले जुने डॉक्टर आहेत, अर्ध्या टोळीचं बीपी तेच बघतात. सगळं ऐकून त्यांनी एकच गोष्ट सांगितली, आणि ती पट्ट्यापेक्षा मोठी आहे. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेणाऱ्याचे ठोके औषधच दाबून धरतं. असा माणूस उष्म्यानं कोसळायच्या बेतात आला तरी पट्ट्याला सगळं आलबेल दिसेल.

याला सर्किटमध्ये उपाय नाही. गोळ्या घेणाऱ्यांना पट्टा द्यायचा नाही, आणि का देत नाही ते त्यांना सांगायचं. अडचण अशी की गोळी चालू आहे हे टोळीत कुणी बोलत नाही. घरोघरी संमती विचारायला अण्णा जाणारच होते. आता सोबत मीही जाते. घरात बायका औषधाचं पाकीट आणून दाखवतात.

हेही तिथंच पक्कं केलं: पट्ट्यावर वा कागदावर ‘निदान’, ‘रोग’, ‘उपचार’ असला शब्द कुठे येणार नाही. तसा दावा केला की ते वैद्यकीय उपकरण झालं, २०१७ च्या नियमांखाली नोंदणी वगैरे. ती पायरी टाळण्यासाठी शब्दांची पळवाट काढणाऱ्या जाहिराती मला आवडत नाहीत, पण आमचा पट्टा खरंच निदान करत नाही. बस म्हणतो.

१० मे

या आठवड्यात वळवाचा पाऊस झोडपून गेला, वादळासकट. त्यानंतर हवा अशी की श्वास घ्यायचा की प्यायचा कळेना.

मार्केटातला उष्मा मोजायला घरगुती साधन केलं. टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवून त्यात तापमापक. प्रमाण गोळा १५० मिलिमीटरचा असतो, हा ४० चा, उन्हात थोडं कमी दाखवतो, पण गाळ्याच्या सावलीत चालेल. शेजारी ओल्या मलमलीची वात गुंडाळलेला दुसरा तापमापक. दुपारी एक वाजता साधा पारा ३४, ओला २८, काळा गोळा ३५. सावलीत उष्म्याचा एकत्रित आकडा म्हणजे दहातले ओल्याचे सात हिस्से, गोळ्याचे तीन: ३०.१.

नागपूरचा माणूस ३४ ऐकून हसेल. त्याच्याकडे मे महिन्यात पारा ४४ ला जातो, पण हवा कोरडी, घाम वाळतो, वाळताना गारवा देतो. इथं घाम नुसता गळतो. त्या दिवशी सहा पट्ट्यांपैकी चार दुपारच्या गाडीनंतर थरथरले. तात्यांनी पुढची गाडी अर्धा तास उशिरा लावायला सांगितली आणि कारण कुणाला सांगितलं नाही. शेठनं विचारलं तेव्हा म्हणाले, “गडी जेवतायत.”

१७ मे

घामानं दोन घाव घातले. एक, टिचबटणांवर हिरवट थर. मुलामा खाऊन मीठ आतपर्यंत गेलं. स्टेनलेस स्टीलची बटणं मागवली. दोन, नवलाची गोष्ट: कोरड्या अंगावर संकेत मिळत नाही, तसा फार घामातही तो बारीक होत जातो. दोन इलेक्ट्रोडमधलं इलॅस्टिक खारट पाण्यानं चिंब होतं आणि संकेत कातडीऐवजी इलॅस्टिकमधूनच वाट काढतो. मध्ये बोटभर रुंद सिलिकॉनची पट्टी आडवी भरली, संकेत परत आला.

दोघांना पट्ट्याखाली पुरळ. शिंप्याला कड आतून मऊ सुती करायला सांगितलं. वास येतो, ते वेगळं. इलॅस्टिक धुवायला सर्किट सुटं करता येतं, पण धुतं कोण? एका काकूंनी सरळ मला सांगितलं, “रोजचं एवढं धुनं आसतंय, त्यात ह्ये बी.” तर पट्टे दोन द्यायचे, सर्किट एक.

२६ मे

हवामान खात्यानं मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो आला नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उष्म्याचे आकडे मिळतील असा हिशेब होता, तो वाहून गेला. मार्केटात गल्लीभर पाणी, कांद्यावर ताडपत्र्या, गाड्या निम्म्या. भाऊ खूश, त्याचा अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे आणि चाचणी संपल्याचं अधिकृत कारण मिळालं.

७ जून

ऑक्टोबर हीटपर्यंत काय काय करायचं, ते तात्यांशी बोलून घेतलं. मोटरची थरथर गोणीखाली कळत नाही, पण बसल्यावरच वाजते म्हणून चालतं. १८० वजा वयाचा इशारा मात्र कामातच येतो, तो कळायला हवा. बरगडीच्या हाडावर मोटर टेकली तर कळते, असं दोघांनी सांगितलं. इलेक्ट्रोडची जागा न हलवता मोटर बाजूला न्यायची म्हणजे सर्किटची पाटी नव्यानं आखावी लागेल. जुलैत ते.

सहापैकी चार पट्टे टोळीनं ठेवून घेतले. एक काकांकडे, एक तात्यांकडे. बाकीचे दोन कुणाकडे हे मला सांगितलेलं नाही. दोन परत आले, टिचबटणं खराब झालेले.

तात्यांची तक्रार एकच. बक्कल उजवीकडे आहे, आणि गोणी उजव्या खांद्यावरून उतरते तेव्हा ते घासतं. डावीकडे घ्यायला सांगितलंय. शिंप्याकडे सोमवारी.